‘पाठपुरावा सुरू आहे’ याच्या पुढे काय? घोडबंदर पट्ट्यातील एका उमेदवार-सभेचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात माजिवड्यापासून गायमुखापर्यंत घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठ्या सोसायट्यांची रांग आहे. त्यांतल्या शेजारशेजारच्या काही सोसायट्यांच्या रहिवाशांनी पाण्याच्या प्रश्नापुरता एक अनौपचारिक गट केला होता. त्याची नोंदणी नव्हती, पदे नव्हती. एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि महिन्यातून एक बैठक, एवढाच कारभार. हे प्रकरण त्या गटाचे आहे. सोसायट्या, माणसे आणि पक्ष ओळखता येतील असे तपशील काढले आहेत. भाषणांतली वाक्ये आशय कायम ठेवून बदलली आहेत.

ठाणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधल्या जवळपास चार वर्षांत नगरसेवक नव्हते, पण भाषणे थांबली नव्हती. भूमिपूजन, हळदीकुंकू, दहीहंडी, सोसायटीचा गणेशोत्सव, प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी माइक घेऊन पाण्यावर बोलून गेले होते.

पाण्याची मूळ आकडेमोड ठाऊक नसेल तर पुढचे कळणार नाही. ठाण्याला रोज साधारण ५८५ दशलक्ष लिटर पाणी चार ठिकाणांहून मिळते: महापालिकेची स्वतःची योजना २५०, एमआयडीसी १३५, ठाणे व शेजारच्या पालिकांना पाणी पुरवणारे स्टेम प्राधिकरण ११५ आणि मुंबई महापालिका ८५. यातले निम्म्याहून जास्त पाणी दुसऱ्या संस्थांचे आहे. काळू आणि शाई ही धरणे वर्षानुवर्षे चर्चेत आहेत, पण ती मुरबाड-शहापूरकडची आणि राज्य सरकारच्या पातळीवरची कामे आहेत. कोणत्याही नगरसेवकाच्या सहीने धरण होत नाही. तरीही पाण्यावरचे जवळजवळ प्रत्येक भाषण धरणापाशी येऊन थांबत असे.

अडचण

गटाची तक्रार सुरुवातीला साधी होती: ‘सगळे येतात, बोलतात, जातात.’ नेमके काय बोलतात हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. ‘चांगलं बोलले’ आणि ‘काहीच बोलले नाहीत’ असे दोन्ही शेरे एकाच भाषणावर येत. म्हणून गटातल्या तिघांनी आधीच्या दोन कार्यक्रमांची मोबाइलवरची रेकॉर्डिंग शोधून ती शब्दशः उतरवून काढली.

हे काम वाटते त्यापेक्षा किचकट आहे. दहा मिनिटांच्या भाषणात हजारावर शब्द येतात. फोनमधली आपोआप लिहिणारी सोय मराठी बऱ्यापैकी ओळखते, पण नेमकी गावांची नावे, आकडे आणि ‘एमएलडी’ (रोजचे दशलक्ष लिटर) यासारखे शब्द चुकवते, म्हणजे जे तपासायचे तेच चुकते. त्यामुळे यंत्राने लिहिलेला मजकूर समोर ठेवून, रेकॉर्डिंग पुन्हा ऐकत, हाताने दुरुस्त करावा लागला. एक तासाच्या रेकॉर्डिंगला चार-पाच तास धरावेत.

हाती आलेल्या मजकुराचा एक प्रातिनिधिक तुकडा असा:

‘घोडबंदरचा पाणीप्रश्न हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यासाठी आम्ही वेळोवेळी आवाज उठवला, प्रशासनाला धारेवर धरलं. वरिष्ठांशी सकारात्मक चर्चा झाली आहे, पाठपुरावा सुरू आहे. येत्या काळात नवीन जलकुंभ आणि जलवाहिन्यांचं जाळं उभारून प्रत्येक घराला मुबलक पाणी देण्यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. हा प्रश्न लवकरच मार्गी लावला जाईल.’

गटाने प्रत्येक वाक्याला तीन चाचण्या लावल्या. पहिली, वाक्य उलटे करून पाहायचे. ‘आम्हाला मुबलक पाणी द्यायचे नाही’ असे कोणताही उमेदवार म्हणणार नाही. म्हणजे मूळ वाक्याने तो बाकीच्यांपेक्षा वेगळा ठरत नाही. दुसरी, गावाचे नाव बदलायचे. घोडबंदरच्या जागी दिवा, कळवा किंवा दुसरे शहर घातले तरी वाक्य तसेच चालत असेल, तर बोलणाऱ्याने या भागाबद्दल काही सांगितलेले नाही. तिसरी, कर्ता शोधायचा. ‘मार्गी लावला जाईल’ म्हटल्यावर कोण लावणार? ‘आम्ही’ म्हटल्यावर कोण कोण?

ठाण्यात ही तिसरी चाचणी विशेष महत्त्वाची आहे. इथे बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत; मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबतो. चौघे मिळून ‘आम्ही करू’ म्हणतात तेव्हा काम झाले तर श्रेय चौघांचे असते, न झाले तर जबाब कोणाकडे मागायचा हे ठरलेलेच नसते.

वरच्या तुकड्यातले एकही वाक्य तिन्ही चाचण्यांतून गेले नाही. पण त्यात खोटे सापडेल असेही एकही वाक्य नव्हते, आणि गटाला खरी अडचण इथे कळली. खोटे बोललेल्याला कागद दाखवता येतो. ज्याने काही सांगितलेच नाही, त्याला काय दाखवणार?

भाषण असे का होते

या टप्प्यावर गटात वाद झाला. काहींचे म्हणणे, पुढारी लबाड आहेत. दोघा-तिघांनी, ज्यांनी पूर्वी नोकरीनिमित्त महापालिकेच्या फाइली हाताळल्या होत्या, वेगळे कारण मांडले, आणि पुढचे सगळे काम त्यावर उभे राहिले.

एकूण पाणी ठरलेले असताना एका सोसायटीला जास्त द्यायचे तर दुसऱ्या वस्तीचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा लागतो. उमेदवार सकाळी सोसायटीत बोलतो, संध्याकाळी गावठाणात. ‘तुमच्या लाइनला अर्धा तास वाढवून देतो’ हे सोसायटीत म्हटले की संध्याकाळी गावठाणात ‘मग आमचा अर्धा तास गेला का?’ हा प्रश्न येतोच. ‘मुबलक पाणी’ हे शब्द दोन्हीकडे चालतात. मोघम बोलण्याचा उमेदवाराला रोख फायदा आहे. नेमके बोलण्याचा फायदा त्याला कोणीच देत नाही.

दुसरे कारण ऐकणाऱ्यांच्या बाजूचे. आजवरच्या सभांत विचारलेले प्रश्नही उतरवून काढले, तेव्हा जवळपास सगळे ‘पाणी कधी येणार?’, ‘आमच्याकडे लक्ष का देत नाही?’ अशा घाटाचे निघाले. ‘कधी’ला ‘लवकरच’ हे उत्तर व्याकरणाने अगदी बरोबर बसते.

भाषणातला शब्द आणि फाइलीतली पायरी

महापालिकेचे कोणतेही मोठे काम ठरलेल्या पायऱ्या चढते. आधी अभियंत्याचा प्रस्ताव आणि खर्चाचे अंदाजपत्रक. मग प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मान्यता. अर्थसंकल्पात एखाद्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदराखाली, तरतूद. मग निविदा, तिची मंजुरी, ठेकेदाराला कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश), आणि शेवटी काम व मोजमाप पुस्तिकेवरून बिल. प्रत्येक पायरीला क्रमांक आणि तारीख असलेला कागद असतो. भाषणातले शब्द या पायऱ्यांवर बसवून पाहिले की बरेच उलगडते.

‘मागणी केली’ म्हणजे पत्र दिले; त्याचा आवक क्रमांक मागावा. ‘सकारात्मक चर्चा झाली’ याला बैठकीचे इतिवृत्त नसेल तर फाइलीत काहीच घडलेले नाही. ‘निर्देश दिले’ हे तोंडी असतील तर अधिकाऱ्यावर त्याचा बोजा नसतो. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे कल्पनेला विरोध नाही, पैसे अजून कोणी दिलेले नाहीत. सगळ्यात निसरडा शब्द ‘मंजूर’. प्रशासकीय मान्यता मिळाली तरी ‘मंजूर’, महासभेचा ठराव झाला तरी ‘मंजूर’, निविदा मंजूर झाली तरी ‘मंजूर’. यांत वर्ष-दोन वर्षांचे अंतर पडू शकते. ‘निधी आणला’ म्हटले की शासन निर्णयाची तारीख आणि प्रत्यक्ष वितरित झालेली रक्कम अशा दोन गोष्टी विचाराव्यात. मंजूर रक्कम आणि वितरित रक्कम एक नसते. आणि भूमिपूजन झाले म्हणजे कार्यादेश निघाला असे धरू नये.

समोरचे पर्याय

निवडणूक जवळ आल्यावर गटापुढे चार मार्ग होते.

‘पाणी नाही तर मत नाही’ असा फलक लावून बहिष्कार टाकायचा, ही मागणी सर्वांत जोरात होती. ती सोडली, कारण मत न देणाऱ्या सोसायट्यांसाठी निवडून आलेल्याने काही करण्याचे कारणच उरत नाही.

उमेदवारांकडून मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र घ्यायचे, हा दुसरा. दिसायला भक्कम, पण ‘पाणीप्रश्न सोडवीन’ हे वाक्य मुद्रांकावर लिहिले तरी तितकेच मोघम राहते, आणि त्यासाठी कोर्टात जाऊन काही पदरात पडेल असे गटातल्या वकिलांना वाटत नव्हते.

तिसरा, नेहमीसारखी सभा घ्यायची आणि लोकांना मोकळे प्रश्न विचारू द्यायचे. यात काय होते ते उतरवलेल्या मजकुरात दिसलेच होते.

चौथा, आधी स्वतः माहिती जमवून मोजकेच प्रश्न ठरवायचे आणि फक्त त्यांवर बोलायला बोलवायचे. यात मेहनत जास्त आणि उमेदवार न येण्याचा धोकाही जास्त. गटाने हाच निवडला.

तयारी

पहिली अडचण वेळेची. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस मिळतात. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज केला तर उत्तर मतदानानंतरच हाती पडणार. गटाने दिवाळीच्या आधीच, १० रुपयांचे शुल्क भरून, अर्ज केले होते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून या भागासाठी प्रस्तावित जलकुंभ आणि पाणीवाटप असे दोन वेगळे अर्ज गेले. एका अर्जाला ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. हेही मोघम भाषेचेच एक रूप. अपिलात वेळ घालवण्याऐवजी गटाने दुसरी सोय वापरली: २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. दोन सोमवारांत जलकुंभाच्या फाइलीची पायरी कळली. प्रशासकीय मान्यता होती, निविदा निघालेली नव्हती. एवढ्या एका वाक्यासाठी केलेला खटाटोप पुढे सभेत सर्वांत कामी आला.

दुसरी तयारी स्वतःच्या नोंदींची. प्रत्येक सोसायटीने १४ दिवस रोज सकाळी ७ वाजता मुख्य मीटरचे रीडिंग घ्यायचे ठरले. मीटर घनमीटरमध्ये दाखवतो. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. माणशी रोज १३५ लिटर हे सर्वसाधारण मानक. २०० सदनिका आणि घरटी ४ माणसे धरली तर गरज १ लाख ८ हजार लिटरची. मीटरवर ७८ हजार दिसले तर तूट ३० हजारांची, म्हणजे १० हजार लिटरचे तीन टँकर.

इथे दोन चुका हमखास होतात. टँकरचे पाणी मीटरच्या पुढे, थेट जमिनीखालच्या टाकीत पडते. ते वेगळे लिहिले नाही तर लोक ‘पाणी तर पुरते आहे’ असे समजतात. दुसरी चूक जास्त फसवी. टाकी भरली की बॉल व्हॉल्व्ह बंद होतो आणि मीटर थांबतो. मग पुरवठा असूनही रीडिंग कमी येते. म्हणून रीडिंगशेजारी टाकीची पातळी लिहिणे बंधनकारक केले. या नोंदींतून दोन गोष्टी पुढे आल्या. एकाच लाइनवरच्या शेजारच्या सोसायट्यांना मिळणाऱ्या पाण्यात मोठी तफावत होती. आणि दोन ठिकाणी रात्री वापर नसतानाही सोसायटीच्या आतल्या मीटरवर पाणी वाहताना दिसले, म्हणजे गळती घरातलीच होती.

तफावतीचे कारण धरण नव्हते. व्हॉल्व्ह कधी, किती वेळ उघडतो, यावर ते अवलंबून होते, आणि हा विषय थेट प्रभागाच्या पातळीवरचा आहे.

प्रश्न कसे घडवले

सुरुवातीची यादी लांबलचक होती. ती तीनवर आणली. प्रत्येक प्रश्नाला एक अट: नगरसेवकाच्या हातात खरोखर जे आहे तेवढेच विचारायचे. त्याच्या हातात काय असते? महासभेत प्रश्न आणि लक्षवेधी मांडणे, ठराव आणणे, अर्थसंकल्पाला उपसूचना (दुरुस्ती) देणे, प्रभाग समितीत अधिकाऱ्याला जाब विचारणे. निविदांवर मत देण्याचा अधिकार स्थायी समितीच्या १६ सदस्यांना असतो, सगळ्यांना नाही. हे न कळता ‘टेंडर काढा’ म्हणणे म्हणजे उमेदवाराला ‘हो, काढतो’ म्हणायची मोकळीक देणे.

पहिला प्रश्न: आमच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याचे वेळापत्रक माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी लावले जावे, असा विषय पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही आणाल का? चौघांपैकी कोण आणणार, नाव सांगा.

दुसरा: जलकुंभाला प्रशासकीय मान्यता आहे, निविदा नाही. अर्थसंकल्पात त्यासाठी तरतुदीची उपसूचना मांडाल का, आणि ती रक्कम कोणत्या लेखाशीर्षातून वळवाल?

तिसरा: नव्या धरणाबाबत महापालिकेच्या हातात काय आहे आणि काय नाही, ते सांगा.

तिसऱ्या प्रश्नाला गटातूनच विरोध झाला. ‘नाही म्हणायला लावणारा प्रश्न कशाला?’ असे विचारले गेले. पण ज्याच्याकडून ‘हे माझ्या हातात नाही’ ऐकू येते, त्याच्या ‘हे मी करीन’ला वजन येते, हे म्हणणे अखेर पटले.

दुसऱ्या प्रश्नामागे एक आधार होता. ५ जुलै २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भारत निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यांबद्दलचा भाग घातला. आश्वासनामागचे कारण आणि पैसा कुठून येणार याचा ढोबळ मार्ग सांगावा, असे त्यात आहे. महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, म्हणून गटाने हा नियम बंधन म्हणून पुढे केला नाही. निमंत्रणात तो कसोटी म्हणून नमूद केला.

निमंत्रणावरून एक घोळ झाला. पहिले पत्र एका सोसायटीच्या लेटरहेडवर गेले आणि तिथल्या कार्यकारिणीतल्या दोघांनी रास्त हरकत घेतली. गृहनिर्माण संस्थेचे नाव आणि पैसा प्रचाराशी जोडला जाता कामा नये. पत्रे मागे घेऊन गटाच्या नावाने, साध्या कागदावर, सर्व उमेदवारांना एकाच दिवशी पाठवली. खर्च मेंटेनन्समधून न करता वर्गणीतून केला. स्थानिक पोलीस ठाणे आणि निवडणूक निर्णय अधिकारी यांना लेखी कळवून परवानगी घेतली.

सभा

दिवस निवडला उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा. शेवटच्या रविवारी रॅली असतात, तेव्हा कोणी येत नाही. प्रश्न पाच दिवस आधी दिले होते. यावरही दुमत होते. आधी दिले तर घोकून येतील, ही भीती. पण गटाला कोणाची परीक्षा घ्यायची नव्हती, उत्तर हवे होते. फाइल बघायला वेळ मिळाला नाही ही सबब त्यामुळे उरली नाही.

चार जागांचे सगळे उमेदवार बोलले असते तर दिवस पुरला नसता. म्हणून प्रत्येक पॅनेलकडून (चार जागांसाठी एकत्र उभ्या राहिलेल्या उमेदवारांकडून) एकाने आणि अपक्षांनी स्वतः बोलायचे, असे ठरले. प्रत्येक प्रश्नाला आधी ‘हो’ किंवा ‘नाही’, मग दोन मिनिटे, मग सूत्रसंचालकाचा एकच उपप्रश्न. हार-शाल नाही, घोषणा नाहीत. सूत्रसंचालन एका निवृत्त शिक्षिकेने केले, आणि सभेचा निम्मा भार त्यांच्या एका सवयीने पेलला: उत्तर भरकटले की त्या शांतपणे तोच प्रश्न पुन्हा वाचून दाखवत.

एका उमेदवाराने पहिल्या प्रश्नावर पक्षाच्या कामगिरीपासून सुरुवात केली. दोन मिनिटे संपल्यावर बाई म्हणाल्या, ‘भाऊ, विषय आणणार का, एवढंच राहिलंय.’ ते म्हणाले, ‘बाई, शंभर टक्के पाठपुरावा करणार.’ त्यावर, ‘पाठपुरावा म्हणजे विषय आणणार असं लिहून घेऊ का? आणि चौघांतलं नाव?’ थोडे थांबून त्यांनी स्वतःचे नाव सांगितले. बाकीच्या तिघांच्या वतीने बोलायची तयारी नसल्यामुळे असेल, पण ‘आम्ही’चा ‘मी’ झाला.

तिसऱ्या प्रश्नावर एका उमेदवार ताई म्हणाल्या, ‘धरण मी आणीन असं सांगणार नाही. महासभेत ठराव मांडून सरकारकडे पाठवता येतो, तेवढं करीन. वेळापत्रक मात्र माझ्या हातातलं आहे.’ सभागृहात आधी कुजबुज झाली. मागच्या रांगेतून ‘मग निवडून कशाला द्यायचं?’ असा आवाज आला. बाईंनी सोसायट्यांच्या मीटरचा तक्ता पडद्यावर लावला आणि तफावत दाखवली. त्यानंतर त्या ताईंच्या उत्तरावर टाळ्या पडल्या.

दुसरा प्रश्न फसला. उपसूचना मांडायला सगळे ‘हो’ म्हणाले. रक्कम कुठून वळवाल, याचे उत्तर एकाकडेही नव्हते. ‘इच्छाशक्ती असेल तर निधी कमी पडत नाही’ हे वाक्य थोड्याफार फरकाने तिघांकडून आले.

एक पॅनेल आलेच नाही. एकाने प्रतिनिधी पाठवला. त्यांनी जाहीरनामा वाचायला घेतला, तेव्हा त्यांना तो वाचून संपवू दिला आणि तिन्ही प्रश्नांपुढे ‘उत्तर दिले नाही’ एवढीच नोंद केली.

सभेनंतर घडलेली गडबड

गटाने उत्तरांचा शब्दशः मजकूर तयार केला आणि सोबत एक अंतर्गत तक्ता: कोणते वाक्य तपासता येते, कोणते येत नाही, कोणते अधिकाराबाहेरचे, तीन रंगांत. तक्ता फक्त गटासाठी होता. एका सदस्याने तो दुसऱ्या ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत लाल रंगाच्या एका रकान्याचा फोटो विरोधकांच्या प्रचारात फिरू लागला, संबंधित उमेदवाराचे कार्यकर्ते सोसायटीच्या गेटवर आले आणि वॉचमनशी हुज्जत झाली.

दोन पर्याय होते: गप्प बसणे किंवा सगळे उघड करणे. गटाने तक्ता मागे घेतला, रंग आणि शेरे काढून टाकले आणि सर्वांची पूर्ण उत्तरे रेकॉर्डिंगसह एकत्र प्रसिद्ध केली. त्याआधी प्रत्येक उमेदवाराला आपला मजकूर तपासायला दिला. ज्यांच्यावरून वाद झाला त्यांनी एका वाक्यात दुरुस्ती सुचवली. ती रेकॉर्डिंगशी जुळत होती, म्हणून केली. प्रकरण तिथे निवळले, पण दोन सोसायट्या गटातून बाहेर पडल्या त्या पडल्याच.

निष्पत्ती

पाणी वाढले नाही. तीन प्रश्नांच्या सभेने ते वाढणारही नव्हते.

हाती आले ते असे. निकालानंतर निवडून आलेल्या सदस्यांना त्यांचेच शब्द, रेकॉर्डिंगमधल्या मिनिटासह, एका पानाच्या पत्रात दिले. पत्रात नवी मागणी एकही नव्हती. व्हॉल्व्हचे वेळापत्रक या लाइनपुरते लेखी मिळाले. ते रोज पाळले जात नाही, पण आता चुकल्याची तक्रार वेळ लिहून करता येते, आणि व्हॉल्व्हमनशी भांडण्याऐवजी ती उपअभियंत्याकडे जाते. गळती असलेल्या दोन सोसायट्यांनी आपल्या लाइन दुरुस्त केल्या आणि त्यांचे टँकर कमी झाले. जलकुंभाची निविदा हे लिहीपर्यंत निघालेली नव्हती.

भाषणांतही थोडा फरक दिसला. नंतरच्या एका कार्यक्रमात जलकुंभाचा उल्लेख ‘प्रशासकीय मान्यता झाली आहे, निविदा बाकी आहे’ असा झाला. पूर्वी त्याच कामाला ‘मंजूर’ म्हणत.

वेगळे काय करता आले असते

दुसऱ्या प्रश्नासोबत अर्थसंकल्पाची संबंधित पाने जोडायला हवी होती. शेकडो पानांचा अर्थसंकल्प उमेदवार प्रचारात वाचणार नाही हे उघड होते. ‘या चार लेखाशीर्षांपैकी कोणत्यातून?’ असे विचारले असते तर इच्छाशक्तीच्या वाक्याला जागा उरली नसती.

रंगांचा तक्ता करायलाच नको होता असे नाही. भाषण समजून घ्यायला तो उपयोगी पडला. पण त्यात नावांऐवजी क्रमांक हवे होते आणि तो एकाच संगणकावर राहायला हवा होता. वाक्य रिकामे आहे हे दाखवता येते. माणूस रिकामा आहे असा त्याचा अर्थ लोक काढतात, आणि मग चर्चा पाण्याची राहत नाही.

गावठाणातल्या रहिवाशांना बोलावले नव्हते, ही सर्वांत मोठी उणीव. तेच पाणी त्यांच्या लाइनला जाते. ते समोर बसलेले असताना ‘तुमच्याकडची वेळ वाढवतो’ हे कोणालाच परवडले नसते, आणि वाटप कसे करायचे यावर उमेदवारांना दोन्ही बाजूंसमोर बोलावे लागले असते. पुढच्या सभेचे निमंत्रण आधी तिकडे जाईल, आणि मीटर नसलेल्या घरांच्या नोंदी कशा घ्यायच्या याची पद्धत गट सध्या ठरवत आहे. बादलीची मोजणी आणि नळाला पाणी आल्याची व गेल्याची वेळ, एवढ्यावर सुरुवात होईल.